चोवीस चिपा आणि एक शापान

किझिलओर्दाच्या तंत्रनिकेतनात त्या वसंतात तीन शहाण्या माणसांचं भांडण जुंपलं होतं. कशावरून, हे बाजारात सांगितलं असतं तर कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, विकणाऱ्या बायकांनीही हसून कपाळावर हात मारला असता. पुढच्या वर्षीच्या मुलांना असेंब्ली भाषा कुठल्या घराण्याच्या मायक्रोकंट्रोलरवर शिकवायची, एवढाच प्रश्न. पण चाळीस बोर्ड यायचे होते, एकदा आले की दहा वर्षं तरी ते हलणार नव्हते, आणि तीन जणांच्या समितीत मतंही तीन होती.

म्हातारे विक्टर ओत्तोविच ८०५१ चे. त्यांच्या वह्या सोव्हिएत काळातल्या, पिवळ्या पडलेल्या, पण एक अक्षर कुठे पुसट नाही. तीस वर्षं त्यांनी तेच शिकवलं आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज अर्ध्या गावाचे पंप आणि लिफ्ट चालवतात. विभागप्रमुख रैखान आपायला (आमच्याकडे बाईंना आपाय म्हणतात, सरांना आगाय) एआरएम हवी होती, कारण ती फोनमध्ये असते आणि संचालकांना फोन तेवढा कळतो. आणि तिसऱ्या शिक्षकाला, ओराझबेकला, हवी होती एव्हीआर.

ओराझबेकचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. असेंब्ली म्हणजे यंत्राशी त्याच्याच बोलीत, एकेक पाऊल सांगत बोलायचं. शिकणाऱ्याच्या डोक्यात ते सगळं यंत्र एकदम मावलं पाहिजे. तो म्हणायचा, "८०५१ मध्ये बेरीज करा नाहीतर वजाबाकी, सगळं एका संचायकातून जातं, एकाच खिडकीवर सगळं गाव रांगेत. एआरएममध्ये एक दिवा लावायचा तर आधी त्या दिव्याच्या दाराला घड्याळ जोडा, मग दार उघडा, मग दिवा. पोरगं तिथंच झोपतं. एव्हीआरमध्ये बत्तीस खोल्या, सगळ्यांची दारं उघडी. दोन आज्ञा लिहिल्या की तिसऱ्या आज्ञेला दिवा लागतो." हे तो इतक्यांदा बोलला होता की त्याची बायको चहा ओतता ओतता पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायची.

पण मतापाठीमागे आणखी एक गोष्ट होती. दोन उन्हाळे खपून त्यानं एव्हीआरवर एकशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं, कझाकमध्ये. एव्हीआर ठरली तर कॉलेज ते छापणार होतं. मुखपृष्ठाचा रंगसुद्धा त्यानं ठरवून ठेवला होता, निळा. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच आपलं नाव छापलेलं दिसणार असेल तर त्याचं डोकं थोडं फिरतंच.

शुक्रवारी समिती बसायची होती. त्याआधी, गुरुवारी सकाळी, मुलांनी चोवीस चिपांवर आपापला छोटा प्रोग्राम चढवून दिवे लुकलुकते करून दाखवायचे, असं ओराझबेकनं कबूल करून घेतलं होतं. बोलण्यापेक्षा दिवे बरे, असा त्याचा हिशेब.

बुधवारी दुपारी चिपा तयार करायच्या होत्या. एव्हीआरच्या पोटात काही पक्क्या नोंदी असतात, त्यांना फ्यूज म्हणतात. चिप कुठल्या घड्याळावर चालेल, रिसेटची तार रिसेटच राहील की साधी तार होईल, हे त्या नोंदींवर ठरतं. आणि त्यात एक उफराटी गोष्ट आहे: तिथं शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे बंद. त्यावर कडी म्हणजे संगणकावरचे प्रोग्राम. काहींमध्ये चौकटीत बरोबरची खूण केली की एक होतो, काहींमध्ये शून्य. ओराझबेकच्या घरच्या संगणकावर खूण म्हणजे एक. कॉलेजात महिन्यापूर्वी नवा प्रोग्राम बसवला होता, त्यात खूण म्हणजे शून्य. हे त्याला माहीत होतं. त्याच्याच पुस्तकात पान सत्तावीसवर ते ठळक अक्षरात होतं.

तरीही बुधवारी, छपाईवाल्याशी फोनवर बोलता बोलता, त्यानं घरच्या सवयीनं चौकटी भरल्या आणि 'रिसेट बंद' या ओळीसमोर खूण केली. घरी त्या खुणेनं रिसेट शाबूत राहिलं असतं, इथं ते बंद होणार होतं. सेटिंग जतन केलं आणि अक्मारलला बोलावलं.

अक्मारल ही त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. काझालीची, रेल्वेच्या वसाहतीतली, एकोणीस वर्षांची, बोलायला कमी. महिनाभरात अस्तानाला स्पर्धा होती आणि कॉलेजातून तिचं एकटीचं नाव गेलं होतं. तिथून पुढे विद्यापीठात जागा मिळायची शक्यता होती. प्रयोगशाळा तीच सांभाळायची.

"एकेक चिप लाव, हे बटण दाब, 'झालं' आलं की पुढची," ओराझबेक म्हणाला.

ती पडद्याकडे बघत राहिली. "आगाय, या प्रोग्राममध्ये खूण म्हणजे शून्य ना? मग रिसेटसमोर खूण कशी?"

फोन अजून कानाला होता. निळ्या रंगाच्या दोन छटांमध्ये फरक काय, हे पलीकडून सांगणं चाललं होतं. ओराझबेकनं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "पुस्तक तू लिहिलंस की मी? सांगितलंय तेवढं कर."

"बरं, आगाय."

तिनं चोवीस चिपा लावल्या. चोवीस वेळा 'झालं' आलं. रिसेट बंद केलेली चिप त्या क्षणी काहीच सांगत नाही. ती एकदा सुटी केली की मग प्रोग्राम चढवायला परत कोणालाच दारात घेत नाही.

गुरुवारी सकाळी एकही दिवा लागला नाही. मुलं तारा हलवून बघत होती, नशिबाला बोल लावत होती. एक जण म्हणाला, "आगाय, ह्या मेल्या वाटतं." ओराझबेकनं पडद्यावरचं जतन केलेलं सेटिंग उघडलं आणि ती खूण पाहिली. आणि मग त्यानं जे केलं ते का केलं, हे आजही त्याला सांगता येत नाही: कोणी बघत नाहीसं पाहून त्यानं ती खूण काढून टाकली आणि सेटिंग पुन्हा जतन केलं.

दहा वाजता रैखान आपाय आली. तिच्यामागे विक्टर ओत्तोविच. त्यांनी एक चिप उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "बारा व्होल्ट देऊन जिवंत होतील. चार दिवस लागतील. पण आज दिवे नाहीत."

"कोणी केलं हे?" आपायनं विचारलं.

ओराझबेक म्हणाला, "काल फ्यूज अक्मारलनं बसवले."

शब्द न् शब्द खरा होता. कोर्टात उभा केला असता तरी वकिलाला त्यात खोटं सापडलं नसतं.

अक्मारलनं त्याच्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही. काहीतरी विसरलेलं त्यांना आता आठवेल, अशी वाट बघत बघितलं. त्याला आठवलं नाही. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चूक झाली, आपाय."

रैखान आपाय वाईट बाई नव्हती, पण तिचा राग म्हणजे एप्रिलमधलं वारं, समोर येईल त्याच्या डोळ्यांत धूळ. "चुका घरी कराव्यात! अस्तानाला जाऊन कॉलेजचं नाक कापायचंय का? तिथं दुसरं कोणी जाईल. आणि उद्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही." त्याच दिवशी तिनं अक्मारलच्या बापाला फोनही लावला.

ओराझबेक घरी गेला. जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, दिवे लागले नाहीत. ती म्हणाली, "लागतील की. दिव्यांसाठी कोणी असं तोंड करतं?" त्याला तिच्यासमोर बसवेना. अंगणात जाऊन बसला. सोमवारी आपायला गाठून सांगू, असं ठरवलं. मग वाटलं, सोमवारी कशाला, स्पर्धेचं पत्र जायच्या आधी सांगितलं तरी चालेल. मग वाटलं, पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी जाईल. एका तासात त्यानं तिचं एक वर्ष असं परस्पर देऊन टाकलं, आणि ते लक्षात आल्यावर स्वतःचीच किळस आली. तरी उठून फोन केला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. रैखान आपायनं सुरुवातच केली, "ओराझबेक, राग मानू नकोस, पण जी चिप एका पोरीच्या एका खुणेनं मरते ती शिकवायला कशी घ्यायची?"

"बरोबर," विक्टर ओत्तोविच म्हणाले. "८०५१ वर पोरांनी चहा सांडला तरी ती चालते. माझ्या एका चिपेवर तर बोर्शचं सूपसुद्धा सांडलंय."

"तुमच्या वह्यांवरही सांडलंय," आपाय म्हणाली. "वास येतो अजून."

ओराझबेकला कळत होतं, एव्हीआर वाचवायची तर एकच वाक्य पुरेसं आहे: चूक शिकणारीची नव्हती, शिकवणाऱ्याची होती. आणि ते वाक्य न बोलता एव्हीआर कशी वाचवता येईल, हेच तो शोधत होता. पोरीचा विचार त्याच्या मनात त्या वेळी नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या डोळ्यांपुढे निळं पुस्तक होतं.

तेवढ्यात दार वाजलं. एक उंच, उन्हानं रापलेला माणूस आत आला. टोपी डोक्यावर, काखेत चादरीचं गाठोडं, हातात शुबातचा, म्हणजे उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचा, कॅन. मागे अक्मारल. तो तिचा बाप, तोलेगेन, काझाली स्टेशनचा रूळ तपासणारा. रात्रीची गाडी धरून आला होता. त्यानं सगळ्यांशी दोन्ही हातांनी हात मिळवला आणि विचारलं, "ओराझबेक आगाय कोण?"

ओराझबेक उभा राहिला. तोलेगेननं गाठोडं सोडलं. आत शापान होता, म्हणजे लांब अंगरखा, गर्द तांबडा, मखमली, कडेला जरीत शिंगांची नक्षी काढलेला, असा की लग्नात मोठ्या व्याह्याला घालतात.

ओराझबेकच्या लक्षात आलं. हा आयिप होता. आमच्याकडे घरातल्या माणसाच्या हातून कोणाचं मोठं नुकसान झालं, तर घरचा कर्ता घोडा आणि शापान घेऊन त्याच्या दारी जातो. घोडा हल्ली कोणी आणत नाही. शापान मात्र आणावाच लागतो, आणि तो चारचौघांत खांद्यावर घेतला की क्षमा केली असं होतं.

"आगाय," तोलेगेन म्हणाला, "मला तुमच्या चिपा-बिपा कळत नाहीत. माझ्या पोरीनं तुमची दोन वर्षांची मेहनत वाया घालवली असं आपायनं सांगितलं. पोरीला विचारलं, ती हो म्हणाली. मग प्रश्न मिटला." त्यानं शापान झटकला. "मी रुळांचे सांधे तपासत जायचो तेव्हा ही लहानपणी मागून मोजत यायची. दिवसाला सहाशे-सातशे सांधे. एकदा माझा एक चुकला, हिचा नाही. इथं हिचा कसा चुकला ते मला उमगत नाही. पण चुकला तर चुकला. तुम्ही आम्हाला माफ करा."

आणि त्यानं शापान ओराझबेकच्या खांद्यांवर चढवला. नीट, बाह्या सारख्या करून, पोटाशी कड जुळवून, जसं घरातल्या वडीलधाऱ्याला घालतात तसं.

विक्टर ओत्तोविच आदरानं उठून उभे राहिले. रैखान आपायनं डोळ्यांना रुमाल लावला. सगळे ओराझबेककडे बघत होते. बोलायची वेळ हीच होती, आणि ओराझबेक बोलला.

"काही नाही," तो म्हणाला. "झालं गेलं. माझ्या मनात काही नाही."

म्हणजे त्यानं क्षमा केली. स्वतःच्या चुकीची, दुसऱ्याच्या पोरीला. शापान जड होता, बाहेर बत्तीस अंश होते, आणि त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

तोलेगेननं मोकळा श्वास सोडला. एवढ्या उंच माणसाचे खांदे एकदम सैल पडले. "देव तुमचं भलं करो, आगाय. फार मोठं मन." मग पोरीला हलकेच पुढे ढकललं. "उभी काय राहिलीस? आगायचे आभार मान."

अक्मारल पुढे आली. मान खाली घालून, अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "रहमत, आगाय."

त्या आवाजात टोमणा असता तर ओराझबेक वाचला असता. टोमणा नव्हता. बापानं सांगितलं म्हणून तिनं मनापासून आभार मानले होते, बुधवारी त्यानं सांगितलं म्हणून चोवीस वेळा बटण दाबलं होतं तसेच.

"थांबा," ओराझबेक म्हणाला. "हिनं काही केलेलं नाही."

"म्हणजे?" आपाय म्हणाली.

"खूण मी केली. घरच्या प्रोग्रामच्या सवयीनं. हिनं मला विचारलं होतं, इथं खूण म्हणजे शून्य ना म्हणून. मी फोनवर होतो. पुस्तक तू लिहिलंस की मी, असं म्हणालो." अजून एक उरलं होतं आणि तेच सगळ्यांत जड होतं. "आणि काल सकाळी ती खूण मी पुसली. कोणाला दिसू नये म्हणून."

विक्टर ओत्तोविच खाली बसले. रैखान आपायचं तोंड उघडंच राहिलं, आणि उघड्या तोंडातून काही न येण्याची ती तिची पहिलीच वेळ असावी.

तोलेगेननं ओराझबेककडे पाहिलं नाही. तो पोरीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग चूक झाली असं का म्हणालीस?"

"सगळ्यांसमोर आगाय खोटे पडले असते," ती म्हणाली. "मला वाटलं, ते स्वतः सांगतील."

ओराझबेकनं शापान उतरवायला घेतला. बाही कोपरात अडकली. त्याला तो तिच्या खांद्यांवर घालायचा होता. रिवाजाप्रमाणे तेच व्हायला हवं होतं. पण तोलेगेननं पुढे होऊन त्याचा हात धरला. रुळांवर हातोडा मारणारा हात, पकडीत काही राग नव्हता, फक्त सोडत नव्हता.

"राहू दे अंगावर, आगाय. आमच्या घरातून निघालेला आयिप परत येत नाही."

"पण अपराधी मी आहे."

"ते ऐकलं मी. बहिरा नाही. माझ्यातर्फे मी माफी मागितली, तुम्ही दिली. माझं काम झालं. आता तुमची माफी हिच्याकडे. ती द्यायची की नाही ते हिचं ही बघेल. त्यात मी पडणार नाही." त्यानं हात सोडला आणि शुबातचा कॅन टेबलावर ठेवला. "हे सगळ्यांसाठी आहे. जास्त आंबायच्या आत प्या."

रैखान आपायला वाचा फुटली. ओराझबेकला तिनं काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यात हशील नाही; त्यातलं काही जास्त नव्हतं. मग ती अक्मारलला म्हणाली, "अस्तानाला तूच जायचंस. पत्र अजून माझ्या टेबलावरच आहे. आणि माझंही चुकलं गं पोरी. चौकशी न करता ओरडले." मग जरा वेळानं, काहीतरी चांगलं करावं म्हणून, "बस इथं. शिकायचं तुम्हा मुलांना आहे आणि भांडतोय आम्ही म्हातारे. तूच सांग, कुठलं घराणं घेऊ?"

अक्मारल खुर्चीच्या टोकावर बसली. ओराझबेकनं पहिल्यांदाच मनात काही मागितलं नाही, ना पुस्तक ना रंग. ती ८०५१ म्हणाली असती तरी त्याला बरंच वाटलं असतं.

"एव्हीआर घ्या, आपाय," ती म्हणाली. "चिपांचा दोष नव्हता. त्यात सगळं दिसतं, कुठली खोली, कुठला आकडा. आणि आगायचं पुस्तक चांगलं आहे. पान सत्तावीस वाचलं होतं म्हणून तर मला कळलं." मग तिनं बापाकडे बघितलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. "फक्त, आम्हाला ते विक्टर ओत्तोविच शिकवतील का?"

"मी?" म्हातारा दचकला. "अगं, मला त्यातलं ओ की ठो येत नाही! माझं आयुष्य त्या एका खिडकीच्या रांगेत गेलं."

"म्हणूनच," अक्मारल म्हणाली. "तुम्हाला येत नाही, म्हणजे मी मध्येच काही विचारलं तर चालेल."

विक्टर ओत्तोविचनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चालेल, पोरी," ते म्हणाले.

ठराव तिथल्या तिथे लिहिला गेला. ओराझबेकला हवं होतं तेच घराणं निवडलं गेलं, पुस्तकही छापायचं ठरलं. कागद शेवटी त्याच्यासमोर आला. शापानची लांब बाही सारखी कागदावर येत होती. ती मागे सारून त्यानं सही केली, आणि मान वर करून पोरीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.